वरून खाली: वेरूळचा कैलास आणि जगातली कोरीव वास्तुकला

एल राजाच्या राणीची एक जुनी मराठी कथा आहे. राजा दुखण्यानं खंगला होता. माणिकावती राणीनं शंकराला नवस केला की राजा बरा झाला तर तुझं मंदिर करीन आणि त्याचं शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला आणि सगळ्यांची पंचाईत झाली. शिखर तर सगळ्यांत शेवटी चढतं. पाया, जोतं, भिंती, छत एवढं झाल्यावर शिखर. राणी तोवर जगायची कशी? बोलावलेल्या कारागिरांनी हात टेकले. पैठणचा कोकसा मात्र म्हणाला, आठवडाभरात शिखर दाखवतो. त्यानं डोंगराच्या माथ्यावर काम धरलं, आधी शिखर मोकळं केलं आणि राणीनं उपास सोडला.

ही कथा आहे, इतिहास नव्हे. तरी वेरूळच्या कैलास मंदिराबद्दलची, म्हणजे १६ क्रमांकाच्या लेण्याबद्दलची सगळ्यांत महत्त्वाची तांत्रिक गोष्ट तिनं शतकानुशतकं जपली. हे मंदिर कळसाकडून पायाकडे झालं. जगभरातल्या थोर वास्तूंची वर्णनं मी वर्षानुवर्षं आवडीनं वाचत आलो आहे. त्यांत बहुतेक कौतुक असतं ते रचलेल्या इमारतींचं, म्हणजे किती दगड वाहून आणले, किती उंच चढवले, घुमट कसा तोलला. आपल्या मराठवाड्याची वास्तुकला मला त्या सगळ्यांहून वेगळी वाटते, कारण तिचा मोठा भाग नको असलेला दगड काढून टाकण्यातून झाला आहे. तिची भावंडं जगात कुठं आहेत आणि ती या वाटेला कशी आली, हे एकत्र मांडायचा हा प्रयत्न.

सुरुवात दगडापासून करावी लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा पुन्हापुन्हा पसरला आणि थरावर थर थिजत गेले. आपल्याकडं विहीर खोदणाऱ्या कुणालाही हे थर पाठ असतात. मुरूम संपला की मांजऱ्या लागतो, मग काळा पाषाण, मध्येच कुठं गेरूसारखा लाल पट्टा. लेणी खोदणाऱ्यांना हेच ज्ञान लागायचं. एकसंध काळ्या थरात छत आलं तर ते दोन हजार वर्षं टिकतं. दोन थरांचा कच्चा सांधा डोक्यावर आला तर सगळं काम धोक्यात. अजिंठ्याचं ४ क्रमांकाचं लेणं हा तिथला सगळ्यांत मोठा विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याची जागा. त्याच्या छतात खडकाचा दोष निघाला, मोठा तुकडा खाली आला आणि कारागिरांना छत आणखी वर न्यावं लागलं. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याचा दगड तर आणखी नाजूक. तिथल्या लेण्यांचे दर्शनी भाग बऱ्याच ठिकाणी ढासळले आहेत. पण या पितळखोऱ्यानंच एक मोलाची नोंद राखली. इसवी सनापूर्वीच्या तिथल्या चैत्यात (बौद्ध प्रार्थनागृहात) खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत पैठणचा एक गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. अत्तराच्या धंद्यातला पैसा एका खांबाला लागला. लेणी फक्त राजांनी केली असं ज्यांना वाटतं त्यांनी हा खांब लक्षात ठेवावा.

दगड कोरून खोली करण्याची कल्पना त्याही आधीची आहे. बिहारमधल्या बराबर टेकड्यांत सम्राट अशोकाच्या काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, ग्रॅनाइटमध्ये गुंफा खोदल्या गेल्या आणि आतून आरशासारख्या घासल्या गेल्या. तिथल्या लोमश ऋषी गुंफेचं दार लाकडी झोपडीसारखं आहे, वासे आणि कमानीसकट. ही सवय पुढं सह्याद्रीच्या लेण्यांतही आली. वेरूळचं १० क्रमांकाचं लेणं लोक आजही ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. त्याच्या कमानदार छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत. त्या फासळ्या कशालाही आधार देत नाहीत, देण्याची गरजही नाही. सुताराच्या घराची आठवण दगडात जपून ठेवली आहे, एवढंच त्यांचं काम.

आता पेट्राला जाऊ. जॉर्डनमधली ही नबाती या प्राचीन अरब लोकांची राजधानी. सुमारे सव्वा किलोमीटरच्या अरुंद घळीतून बाहेर पडलं की समोर गुलाबी वाळूखडकात कोरलेला ‘खजिना’ उभा राहतो, सुमारे चाळीस मीटर उंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं हे काम. १८१२ साली योहान बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी तिथं पोचला आणि युरोपाला त्याचा पत्ता लागला. (अजिंठ्याची अशीच नोंद २८ एप्रिल १८१९ची, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याची. अर्थात वाघोरेच्या खोऱ्यातल्या गावकऱ्यांना लेणी कधी हरवलीच नव्हती.) खजिन्याच्या दर्शनी भागाला ग्रीक धाटणीचे सहा खांब आहेत. त्यांतला एक कधीतरी कोसळला होता आणि विसाव्या शतकात तो पुन्हा उभारला गेला. मधल्या सगळ्या काळात वरचं काहीही हललं नाही. रचलेल्या इमारतीत असा खांब पडला असता तर वरची शिळा खाली आली असती. इथं वरचा भाग डोंगराच्याच अंगाचा आहे, खांब फक्त दिसण्यापुरता. आपल्याकडच्या लेण्यांतही सिमेंटनं पुन्हा उभे केलेले खांब दिसतात, ते याच कारणानं शक्य झालं. खांब गेले तरी छत जागेवर होतं.

पेट्रा आणि वेरूळ यांत मात्र एक मोठा फरक आहे आणि इथं माझा कल उघडपणे वेरूळकडं आहे. पेट्राच्या खजिन्याला दर्शनी भाग आहे. आत साध्या, जवळजवळ रिकाम्या खोल्या आहेत. कैलासाला चारी बाजू आहेत, माथा आहे, पोट आहे. त्याच्याभोवती फिरता येतं.

हे कसं घडलं त्याची पार्श्वभूमी राजकारणातही आहे. कांचीपुरमला पल्लवांनी कैलासनाथ मंदिर बांधलं. चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा यानं कांची जिंकली आणि त्याची राणी लोकमहादेवी हिनं इसवी सन ७४०च्या सुमारास पट्टदकलला आज विरूपाक्ष म्हणून ओळखलं जाणारं मंदिर उभारलं. पुढं राष्ट्रकूट दंतिदुर्गानं चालुक्यांची सत्ता मोडली. त्याचा शिलालेख वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात आहे. त्याच्यानंतर गादीवर आलेला कृष्ण पहिला (सुमारे ७५६ ते ७७३) याच्या नावावर कैलास जातो. म्हणजे विजयाबरोबर मंदिराचा आराखडा दक्षिणेतून उत्तरेकडं सरकत आला. पट्टदकल पाहून वेरूळला आलात तर विमान (गाभारा आणि त्यावरचं शिखर), मंडप, समोरचा नंदी या मांडणीतलं साम्य लगेच जाणवतं. पण कांचीला आणि पट्टदकलला जे रचलं गेलं, ते वेरूळच्या कारागिरांनी आधीच्या दीड-दोनशे वर्षांच्या लेणीकामाच्या बळावर डोंगरातून मोकळं केलं.

त्यांनी डोंगरउतारावर तीन बाजूंनी खोल चर खणले आणि मधोमध एक प्रचंड ठोकळा सुटा ठेवला. खोदलेला चौक सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागची कडा शंभर फुटांहून उंच. यातून लाखभर टनांहून जास्त दगड बाहेर गेला असणार. साधनं म्हणजे लोखंडी टाकी, हातोडा, पहार. कारागीर ज्या दगडावर उभा, तोच दगड त्याची परांची. शिखर कोरून झालं की पायाखालचा थर फोडायचा आणि खालच्या मजल्यावर उतरायचं. परत वर जाऊन दुरुस्ती करायची सोय नाही. शिखराची पहिली रेघ ओढताना खालच्या हत्तींची जागा, जिन्यांची वळणं, पुलासारखा जोडलेला नंदीमंडप, पावसाचं पाणी कुठून निघेल हे सगळं डोक्यात पक्कं असावं लागतं. रचकामात दगड चुकला तर बदलता येतो. इथं जास्तीचा एक घाव पडला की तिथं हत्तीची सोंड नाही ती नाहीच. चूक झाकायला कोरीव काम थोडं आत घेणं एवढीच मोकळीक. भोवतीच्या काही ओवऱ्या आणि लंकेश्वर हे बाजूचं लेणं ही नंतरची भर मानली जाते, पण मधलं मंदिर एका विचाराचं आहे. पूर्वी त्यावर पांढरा गिलावा होता, त्याचे अवशेष अजून दिसतात. काळ्या डोंगराच्या पोटात शुभ्र कैलास, असं ते दृश्य असणार.

इसवी सन ८१२चा एक राष्ट्रकूट ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात एलापुरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देवही ते पाहून चकित होतात आणि हे माणसाचं काम नव्हे म्हणतात. खुद्द घडवणाऱ्यालाही आपण हे कसं केलं याचं नवल वाटतं आणि पुन्हा असं जमेल याची त्याला खात्री नसते. राजस्तुतीत अतिशयोक्ती असतेच. पण राजाच्या ताम्रपटात कारागिराच्या मनातलं आश्चर्य नोंदलं जाणं ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि मला ती फार भावते. त्याचं नाव मात्र ताम्रपटानं दिलं नाही. ती उणीव लोकांनी कोकसाची कथा सांगून भरून काढली असावी.

देवदूतांची साक्ष इथिओपियातही काढतात. लालिबेला या गावी बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास तांबूस ज्वालामुखी खडकात अकरा चर्च कोरली गेली. दिवसा माणसं आणि रात्री देवदूत काम करत, असं तिथली परंपरा सांगते. त्यांतलं सेंट जॉर्जचं चर्च वरून क्रुसाच्या आकाराचं आहे. चौकोनी खड्ड्यात ते सुमारे बारा मीटर खोल उतरलं आहे आणि त्याचा माथा भोवतालच्या जमिनीच्या पातळीला आहे. कैलासाचीच रीत: भोवती चर, मध्ये ठोकळा, मग बाहेरून आणि आतून कोरकाम. एकानं दुसऱ्याचं पाहिलं असं म्हणायला आधार नाही, मला तो हवाही नाही. दोन्हीकडं ज्वालामुखीचा खडक, दोन्हीकडं आधीची खोदकामाची परंपरा आणि दोन्हीकडं मूळ रचलेल्या इमारतीची आठवण. लालिबेलाच्या काही भिंतींवर अक्सुम या इथिओपियातल्या प्राचीन राज्याच्या लाकूड-दगडी बांधणीची नक्कल आहे, तुळयांच्या टोकांसकट. शिवाय तिथं आजही रोज प्रार्थना होते, यात्रा भरते.

इथिओपिया आणि मराठवाडा यांच्यात एक खराखुरा दुवा मात्र आहे, तो चार-पाचशे वर्षांनंतरचा. सोळाव्या शतकाच्या मध्यात इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जात दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. तो मलिक अंबर. १६१० साली त्यानं खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. कमी पावसाच्या या मुलखात शहराला पाणी देण्यासाठी त्यानं नहर खोदली. टेकड्यांच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या मार्गात गोळा करायचं, हलका उतार द्यायचा आणि ठरावीक अंतरावर उभी तोंडं ठेवायची, म्हणजे उतरून साफसफाई करता येते. पंप नाही, सगळा खेळ उताराचा. ही विद्या मूळची इराणी कनातींची, म्हणजे तिथल्या भूमिगत पाणवाटांची. तिथल्या अकरा कनाती २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. शेजारच्या बिदरला बहमनी काळात तशीच करेझ खोदली गेली होती. शहरातल्या पाणचक्कीत पाणी भिंतीतून वर चढून हौदात पडताना लोक पाहतात, फोटो काढतात. त्या पाण्यामागची जमिनीखालची वाट मात्र कुणी विचारत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. नहर दिसत नाही म्हणून ती वास्तू नाही, असं कसं म्हणायचं?

देवगिरीचा किल्लाही याच पंक्तीला बसतो. यादवांनी बाराव्या शतकात राजधानी केलेल्या या डोंगराची कडा चहूबाजूंनी तासून सरळ केली, कातळात खंदक खोदला आणि वर जाणारी अंधारी वाट डोंगराच्या आतून काढली. इथं तटाइतकंच तासकामही रक्षण करतं. कापाडोकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, लोकांनी मऊ खडकात देरिंकुयूसारखी सुमारे ८५ मीटर खोल भूमिगत नगरं खोदली, तीही शत्रूपासून लपायला. पण तो खडक कोरायला सोपा होता. देवगिरीचा काळा कातळ तसा नाही.

ही पद्धत उघडी पाहायची असेल तर पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा अर्धवट राहिलेल्यांकडं जावं. तमिळनाडूतल्या कळुगुमलैचं वेट्टुवन कोविल कैलासाच्याच शतकातलं. त्याचं शिखर देखणं, कोरून झालेलं, आणि तळ तसाच ओबडधोबड. आपल्याकडं अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं आहे, जिथं खांब अजून खडकातून अर्धेच सुटले आहेत आणि टाकीचे घाव ताजे वाटावेत इतके स्पष्ट आहेत. आणि वेरूळच्या जैन लेण्यांमध्ये ३० क्रमांकाचा छोटा कैलास, थोरल्याच्या मागून सुरू झालेला आणि अपुरा राहिलेला. बहुतेक लोक १६ नंबर पाहून परततात. जैन लेणी तिथून लांब आहेत, पण तेवढी पायपीट जरूर करावी. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. त्या हिशेबानं बेत आखा.