ज्येष्ठ दाम्पत्याला परदेशी मिशनवर जायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे तरुण मिशनरी ओळखू येतात. जोडीने फिरतात, छातीवर नावाची काळी पट्टी असते. त्यांची भाड्याची घरं, गाड्या, व्हिसा, हिशेब सांभाळणारी ज्येष्ठ जोडपी मात्र सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून, पदरचे पैसे घालून ही मंडळी परक्या देशात जाऊन राहतात. अमेरिकेतून असं जायचं ठरवलेल्या जोडप्यांसाठी ही माहिती.

कोण जाऊ शकतं

दोघंही चर्चचे सदस्य हवेत आणि दोघांचं टेंपल रेकमेंड (चर्चच्या मंदिरात, म्हणजे टेंपलमध्ये, जाण्याचा परवाना) चालू हवं. घरात त्यांच्यावर अवलंबून असलेलं मूल नसावं. तब्येत आणि मन दोन्ही झेपण्याइतकं खंबीर हवं, आणि खर्च स्वतःला उचलता आला पाहिजे. पगार मिळत नाही. घरोघरी दारं ठोठावून प्रचार करण्याची सक्ती ज्येष्ठांवर नसते. या भीतीपोटी कितीतरी जोडपी विचारच सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांची. २०११ मध्ये नियम सैल झाले. परदेशी मिशन १८ महिन्यांहून कमी मुदतीचंही घेता येऊ लागलं, पण तेव्हा प्रवासभाडं आपलं आपण भरायचं. घरात अगदी महत्त्वाचा प्रसंग आला तर थोड्या दिवसांसाठी स्वखर्चाने येऊन जाण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. राहण्याच्या खर्चाला त्या वर्षी महिना १,४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली. जेवणखाण, औषधं आणि वैयक्तिक खर्च त्यात धरलेला नाही, तो वेगळा मांडा.

अर्ज

सुरुवात वॉर्डच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, बिशपशी बोलून होते. ते ऑनलाइन अर्ज उघडून देतात आणि पुढची माहिती दोघांनी भरायची. मग बिशपची मुलाखत, त्यानंतर स्टेक प्रेसिडेंटची (अनेक वॉर्ड मिळून एक स्टेक, त्याचे प्रमुख). दोघांच्या शिफारशीनंतर अर्ज सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयात जातो आणि चर्चच्या अध्यक्षांच्या सहीने नेमणुकीचं पत्र येतं. २०१८ पासून ते ऑनलाइनच दिसतं.

ज्येष्ठांना कामाची आणि ठिकाणाची पसंती कळवता येते. तरुणांना ही सवलत नाही. पसंती म्हणजे हमी नव्हे. नेमणूक दुसरीकडे झाली तर तिथे जायची तयारी ठेवूनच अर्ज करावा. रिकाम्या जागांची यादी चर्चच्या संकेतस्थळावर असते: मिशन ऑफिस, मानवतावादी मदत, टेंपल, जुन्या नोंदींचं डिजिटायझेशन, स्थानिक सदस्यांना आधार. यादी चाळताना देशाच्या नावाआधी कामाचं वर्णन वाचा. दिवस कसा जाणार हे कामावर ठरतं.

मिशन ऑफिसचंच पाहा. भिंतीवर घरांच्या किल्ल्या, प्रत्येकीला पत्त्याची चिठ्ठी. सकाळी फोन येतो की गीझरमधून पाणी गळतंय. घरमालकाशी मोडक्यातोडक्या भाषेत बोलायचं. दुपारी एखाद्या तरुणाला परवान्याच्या नूतनीकरणासाठी इमिग्रेशनच्या रांगेत घेऊन जायचं. संध्याकाळी पावत्या जुळवायच्या. मधल्या वेळात कुणाचा तरी पडलेला चेहरा दिसतो आणि त्याला जेवायला थांबवलं जातं. हे शेवटचं काम कुठल्याच वर्णनात लिहिलेलं नसतं, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

डॉक्टर आधी, बाकी नंतर

अर्ज रेंगाळतो तो बहुधा वैद्यकीय फॉर्मवर. दोघांची पूर्ण तपासणी, दाताच्या डॉक्टरांचा वेगळा फॉर्म. दातांचं काम राहिलेलं असेल तर ते आधी उरकून घ्या. मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून दार बंद होत नाही, पण तो लपवू नका. औषधोपचार कुठे मिळतील हे पाहून नेमणूक करता यावी म्हणूनच ही माहिती मागतात. औषधांच्या चिठ्ठीवर ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नावही लिहून घ्या. अमेरिकेत सर्रास मिळणारी काही औषधं दुसऱ्या देशात बंदी असलेली निघतात. जपानमध्ये अँफेटामाइन असलेली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

विम्याचं नीट ऐका. मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही, त्यामुळे परदेशात चालणारा स्वतंत्र विमा लागतोच. दुसरीकडे मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या उपचारांचा भाग, विचार न करता सोडला तर परत घेताना दर १२ महिन्यांमागे १० टक्के दंड हप्त्यात कायमचा जोडला जातो. करमुक्त संस्थेतर्फे किमान १२ महिने परदेशात स्वयंसेवा करणाऱ्या आणि त्या काळात विमा असलेल्यांना परतल्यावर नावनोंदणीची खास मुदत मिळते. मेडिकेअरची नावनोंदणी पाहणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या सरकारी ऑफिसात आधी विचारा, मगच काय ते ठरवा.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने उरलेली हवी. व्हिसाचं काम चर्चचा प्रवास विभाग पाहतो, पण कागद आपणच जमवायचे. देशागणिक यादी बदलते. जन्मदाखले, विवाहाचा दाखला आणि एफबीआयचा पार्श्वभूमी अहवाल पुष्कळदा लागतात. १९६१ च्या हेग करारातल्या देशांसाठी त्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र, लागतं. इथेच घोळ होतो: जन्म-विवाहाच्या दाखल्यांवरचं अपोस्टिल ते दाखले देणाऱ्या राज्याकडून मिळतं, तर एफबीआयच्या अहवालावरचं केंद्राच्या परराष्ट्र खात्याकडून. जन्म एका राज्यात आणि लग्न दुसऱ्या राज्यात झालं असेल तर तीन ठिकाणी पाठपुरावा आला. प्रत्येक दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा, विशेषतः लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर.

निघण्यापूर्वी विश्वासातल्या मुलाला किंवा मुलीला मुखत्यारपत्र द्या. मृत्युपत्र जुनं झालं असेल तर ते नव्याने करा. परदेशातून मतदानासाठी फेडरल पोस्ट कार्ड अर्ज भरता येतो. कराचं विवरणपत्र बाहेर राहणाऱ्यांना १५ जूनपर्यंत भरता येतं, पण कर देणं लागत असेल तर त्यावरचं व्याज एप्रिलपासूनच सुरू होतं.

प्रशिक्षण साधारण आठवडाभराचं असतं. त्याआधी स्टेक प्रेसिडेंट दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि तिथून पुढे मिशनरी म्हणून त्यांना एल्डर आणि सिस्टर म्हणतात. मुलं-नातवंडं त्या वेळी खोलीत असू शकतात. शक्य असेल तर सगळ्यांना बोलवा.