ब्लॅक हिस्टरी आणि ब्लॅक स्टडीज: नावं जवळची, विषय वेगळे

अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलच्या विषययादीत 'आफ्रिकन अमेरिकन हिस्टरी' आणि 'आफ्रिकन अमेरिकन स्टडीज' ही नावं वाचून अनेक पालक, त्यात तिथले मराठी पालकही आले, दोन्ही एकच समजतात. फ्लॉरिडाचं उदाहरण घेतलं की फरक कळतो. आफ्रिकन अमेरिकन इतिहास शिकवणं तिथे १९९४ पासून कायद्याने सक्तीचं आहे. त्याच राज्याने जानेवारी २०२३ मध्ये 'एपी आफ्रिकन अमेरिकन स्टडीज' हा अभ्यासक्रम मात्र नाकारला. (एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट: हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय, ज्याच्या परीक्षेतल्या गुणांवर पुढे कॉलेजात क्रेडिट मिळू शकतं.)

फ्लॉरिडात किंवा न्यू जर्सीत (तिथला अ‍ॅमिस्टॅड कायदा २००२ चा) सक्ती आहे ती हा इतिहास चालू विषयांत मिसळण्याची. त्यासाठी वेगळा तास, वेगळी परीक्षा, वेगळा शिक्षक असेलच असं नाही. घोडं इथेच अडतं. ज्याची परीक्षा नाही ते मागे पडतं, आणि सगळा विषय फेब्रुवारीत, म्हणजे 'ब्लॅक हिस्टरी मंथ'मध्ये, उरकला जातो. मुलं गुलामगिरीवरून थेट मार्टिन ल्यूथर किंगवर येतात. यादवी युद्धानंतरची पुनर्रचना, म्हणजे कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला आणि पुढे दक्षिणेत तो हिरावला गेला तो काळ, राहूनच जातो. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीतला कृष्णवर्णीय इतिहासाचा सप्ताह सुरू केला तेव्हा त्यांना वर्षभराचा अभ्यासच हवा होता. फिलाडेल्फिया शहराने २००५ मध्ये या इतिहासाचा वर्षभराचा स्वतंत्र विषय हायस्कूल पूर्ण करण्यासाठी सक्तीचा केला. आमच्या मते सक्ती करायची तर अशीच करावी.

स्टडीजचं मूळ वेगळं आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात १९६८-६९ मध्ये विद्यार्थ्यांनी दीर्घ संप केला, त्यातून हा विषय विद्यापीठांत रुजला. त्यात इतिहासासोबत साहित्य, कला, संगीत, राजकारण, समाजशास्त्र येतं. एपी अभ्यासक्रम २०२२ मध्ये ६० शाळांत प्रायोगिक सुरू झाला आणि २०२४-२५ पासून सर्वत्र खुला झाला. त्याची चार युनिट्स आहेत: आफ्रिकी राज्यांपासून आरंभ, गुलामगिरी आणि प्रतिकार, १८६५ नंतरचं स्वातंत्र्य, आणि १९४० च्या दशकापासूनच्या चळवळी. शेवटच्या युनिटमध्ये ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची लढाऊ संघटना आहे, जिच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं.

एकच घटना दोन्हीकडे कशी येते ते पाहू. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. इतिहासाच्या तासाला तो कारण-परिणाम म्हणून येतो: स्पॅनिश फ्लॉरिडात पळून आलेल्यांना स्वातंत्र्य मिळत होतं, उठाव मोडला गेला, १७४० मध्ये कडक कायदा झाला. स्टडीजच्या वर्गात पुढचे प्रश्न येतात. उठाव करणाऱ्यांत काँगोचे कॅथलिक होते, मग फ्लॉरिडाचं आकर्षण त्यांना का वाटलं? कायद्याने ढोल का बंद केले, आणि त्याचा संगीतावर काय परिणाम झाला? सेंट ऑगस्टीनजवळच्या फोर्ट मोसे या मुक्त कृष्णवर्णीयांच्या वस्तीचं काय झालं? इथे सरकारी कागदाशेजारी १९३७ मध्ये नोंदवलेली एका वंशजाची तोंडी हकिकतही ठेवतात, आणि दोन्हींवर किती विसंबायचं हे मुलांना ठरवावं लागतं. आम्हाला हे काम फार मोलाचं वाटतं.

एपीच्या गुणांत ६० टक्के वाटा बहुपर्यायी प्रश्नांचा (६० प्रश्न, ७० मिनिटं), ३० टक्के लेखी उत्तरांचा आणि १० टक्के प्रकल्पाचा. प्रकल्पाला सुमारे तीन आठवडे लागतात. परीक्षा मे महिन्यात असल्याने तो एप्रिलवर ढकलला की चौथं युनिट कोलमडतं; प्रकल्पाचा विषय जानेवारीतच ठरवून घ्यावा. दुसरी अडचण शिक्षकाची: इतिहासाचाच शिक्षक असेल तर कविता आणि चित्रं नुसती शोभेला उरतात.

दोन्हीकडे एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: गुलामांच्या लिलावाचं वर्गात नाटक. त्याने काही कळत नाही, आणि वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलांना नाहक दुखापत होते.

शाळेला विचारताना 'ब्लॅक हिस्टरी शिकवता का?' असं विचारू नये. उत्तर 'हो' येणारच. या विषयाला स्वतंत्र कोर्स कोड आणि क्रेडिट आहे का, वर्षात किती तास आहेत, कोण शिकवतं, हे विचारावं. एपी असेल तर ज्या कॉलेजात जायचं ते कितव्या गुणाला क्रेडिट देतं, हेही आधी पाहावं.