चुरचुरणारी पिशवी आणि मऊ पिशवी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन तऱ्हेच्या पातळ पिशव्या हातात पडतात, दोन्ही धुरकट पांढऱ्या नाहीतर हिरवट. एक नेहमीची प्लास्टिकची, दुसरी कंपोस्टेबल, म्हणजे खतात कुजू शकणारी. डोळे फसतात. बोटांना फरक लागतो, पण त्याचा अर्थ आपण उलटा लावतो.

प्लास्टिकची पातळ पिशवी चुरचुरते, ताठ राहते. कंपोस्टेबल पिशवी बहुधा स्टार्च आणि पीबीएटी नावाच्या पॉलिएस्टरची. ती मऊ, किंचित मेणचट, फारसा आवाज न करणारी, आणि ओढली की ताणली जाणारी. ताणली म्हणजे फाटणारच, असे गिऱ्हाईक समजते. आमच्या वहिनी बांगडे घेताना हटकून एकात एक दोन पिशव्या मागतात. खरे तर नारळ, भोपळा असले कोरडे ओझे ही पिशवी बरे पेलते. तिची खरी कमजोरी ओल. स्टार्च पाणी धरतो, म्हणून मासळी तिच्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू नये. उलट वाफ बाहेर जात असल्याने तांबडी भाजी तिच्यात कमी घामेजते. कपाटात वर्षभर पडलेली पिशवी मात्र बोट लावताच फाटते. हा बदलौकिक तिने स्वतः कमावलेला आहे.

कंपोस्टेबल म्हणजे मऊच, असेही नाही. पीएलए नावाचे दुसरे कंपोस्टेबल प्लास्टिक ताठ असते. अमेरिकेत सनचिप्स या वेफर्सची पीएलएची पिशवी इतकी खडखडायची की 2010 मध्ये कंपनीने बहुतेक चवींसाठी ती मागे घेतली. जास्त आवाजाने ती बदनाम, कमी आवाजाने ही!

हाताला ‘दर्जेदार’ वाटते ती जाड पिशवी, आणि ती असते निव्वळ प्लास्टिक. आपल्या देशात 31 डिसेंबर 2022 पासून साधी कॅरीबॅग किमान 120 मायक्रॉनची लागते. कंपोस्टेबलला जाडीची अट नाही, पण तसा शब्द छापावा लागतो. म्हणून पातळ पिशवी हातात आली की आधी छपाई बघा. काहीच छापलेले नसेल तर ती नियमाबाहेरची. नुसते ‘इको फ्रेंडली’ किंवा ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिले असेल तर ते कंपोस्टेबलच्या जागी चालत नाही.

छापलेले असले तरी ती आपोआप माती होत नाही. तिला कारखान्यातल्या कंपोस्टची, 58 अंशांच्या आसपासची ऊब लागते. समुद्रात ती ऊब नाही, आमच्या पोरसातही नाही. गेल्या पावसाळ्यात माडाच्या आळ्यात पुरलेल्या पिशवीचे तुकडे परवा आळे उकरताना फावड्याला लागले. तसेच मऊ, तसेच मेणचट.