फिनलंडची फुरसत : साउना, तळ्याकाठचे घर आणि टँगो यांची पार्श्वभूमी

दरवर्षी जून महिन्यात एका शनिवारी हेलसिंकीचे रस्ते ओस पडतात. युहान्नुस म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण त्या दिवशी असतो, आणि शहरातली माणसे आदल्या दिवशीच तळ्याकाठच्या घरांकडे निघालेली असतात. शतकानुशतके हा सण २४ जूनला येत असे. १९५५ सालापासून तो २० ते २६ जून या काळातल्या शनिवारी साजरा होऊ लागला. धार्मिक परंपरेतली तिथी आठवड्याच्या सुट्टीला जुळवून घ्यावी लागली, ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. फिनिश माणूस स्वभावतःच अबोल आणि निसर्गवेडा असल्यामुळे त्याची फुरसत अशी जाते, असे प्रवासवर्णनांतून वारंवार लिहिले जाते. प्रत्यक्षात त्या फुरसतीच्या जवळजवळ प्रत्येक सवयीमागे एखादा कायदा, एखादे युद्ध किंवा एखादी संघटना उभी असलेली दिसते.

या देशाची लोकसंख्या साधारण ५६ लाख, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्याहूनही बरीच कमी. १८०९ पर्यंत हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता, त्यानंतर रशियन साम्राज्यातील एक स्वायत्त संस्थान झाला, आणि ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वतंत्र झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो फार उशिरापर्यंत खेड्यांचा देश राहिला. १९५० साली काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या जवळपास लोक शेती आणि जंगलकामावर जगत होते. इंग्लंड-जर्मनीत कारखान्यांनी कामगारांच्या तीन-चार पिढ्या शहरात वाढवल्या, तेव्हा फिनलंडमधले बहुसंख्य लोक अजून गवत कापत आणि लाकडे तोडत होते. आज शहरात राहणाऱ्या फिनिश माणसाचे आजोबा गावातच वाढलेले असतात, आणि हे अंतर किती थोडे आहे हे लक्षात ठेवले की पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात.

साउनापासूनच सुरुवात करावी लागते. (आपण ‘सॉना’ म्हणतो तो इंग्रजी वळणाचा उच्चार, मूळ फिनिश शब्द साउना.) लाकडी खोलीत दगडांची रास तापवायची, तिच्यावर पाणी टाकायचे आणि उठणाऱ्या वाफेत बसायचे, एवढीच ही रचना. त्या वाफेला फिनिश भाषेत ‘ल्योउल्यू’ असा स्वतंत्र शब्द आहे. जुन्या धुराच्या साउनाला धुराडे नसे. आग पेटवून दगड तापवायचे, आग विझली की धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि मग आत शिरायचे. शेतकरी घरात ही खोली केवळ अंघोळीची नव्हती. तिथे मांस धुरवत, धान्याचे माल्ट आणि अंबाडीसारखी जवसाची झाडे वाळवत, बायका बाळंत होत आणि मृतदेहाला शेवटची अंघोळही तिथेच घातली जाई. काजळीमुळे आणि उष्णतेमुळे ती घरातली सर्वात निर्जंतुक जागा असे, हे आजच्या भाषेतले स्पष्टीकरण. त्या काळच्या लोकांना ती पवित्र जागा वाटत असे आणि तिथे चर्चमध्ये वागावे तसे वागावे, अशी शिकवण मुलांना दिली जाई. युरोपात इतरत्र सार्वजनिक स्नानगृहे मागे पडली, लाकूड महागले. फिनलंडमध्ये मात्र जंगल दाराशी होते आणि प्रत्येक वाडीचा साउना स्वतःचा होता, म्हणून ही रीत टिकली. अंगावर हलके फटके मारण्यासाठी बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी वापरतात. तिला पश्चिमेकडे ‘विह्ता’ आणि पूर्वेकडे ‘वास्ता’ म्हणतात, आणि खरा शब्द कोणता यावर जेवणाच्या टेबलावर आजही वाद रंगतो.

माणसे शहरात आली तेव्हा साउनाही त्यांच्यामागून आला. कामगारवस्तीतल्या खोल्यांत न्हाणीघर नसे, म्हणून रस्त्यावरचा सार्वजनिक साउना ही गरज होती. तांपेरे शहरातल्या पिस्पाला भागातला राजापोर्ती साउना १९०६ पासून, तर हेलसिंकीच्या काल्लिओ वस्तीतला कोतिहार्यू १९२८ पासून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी आघाडीवर तंबूत आणि जमिनीखालच्या खंदकघरांतही साउना उभारले. पुढे इमारतीच्या तळघरात सर्वांसाठी एक साउना आणि प्रत्येक कुटुंबाला आठवड्यातला ठरलेला तास, अशी पद्धत रुळली. विजेच्या शेगड्या आल्यावर १९७० आणि ८० च्या दशकांत तो थेट सदनिकेत शिरला. देशात आज तीस लाखांच्या आसपास साउना असल्याचे सांगितले जाते. राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांनी १९६० साली आपल्या साठाव्या वाढदिवसाला आलेल्या सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना साउनात नेले होते, ही गोष्ट फिनिश माणूस अजून चवीने सांगतो. २०२० मध्ये युनेस्कोने ही संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

फिनिश फुरसतीचा दुसरा धागा दारूशी, किंबहुना तिच्या अभावाशी जोडलेला आहे. १८६६ साली घरगुती दारू गाळण्यावर बंदी आली, त्यानंतर मद्यपानविरोधी चळवळ जोरात वाढली, आणि १९१९ ते १९३२ या काळात देशात पूर्ण दारूबंदी होती. चोरटी आयात इतकी बोकाळली की लोकांनी सार्वमतात बंदी नाकारली. दुकाने ५ एप्रिल १९३२ रोजी सकाळी दहाला उघडली. ५, ४, ३२ आणि १० हे आकडे ओळीने लिहिले की ५४३२१० होतात, हा योगायोग तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. परंतु बंदी उठली तरी विक्री सरकारी मक्तेदारीच्या दुकानांकडेच राहिली आणि खेड्यांत ती नव्हतीच. मध्यम कडक बिअर किराणा दुकानात मिळू लागली ती १९६९ पासून. याचा परिणाम असा की इंग्लंड-आयर्लंडमध्ये गावाचे संध्याकाळचे जीवन ज्या पबभोवती फिरते, ती जागा फिनिश गावात कधी तयारच झाली नाही. लोक एकमेकांना भेटत ते कॉफीवर, साउनात आणि संघटनेच्या सभागृहात. कॉफीच्या दरडोई खपात हा देश जगात अगदी वर असतो, आणि कामगार करारांमध्ये कॉफीची सुट्टी लेखी नोंदवलेली असते, याचे मूळ काही अंशी इथे आहे.

संघटनेचे सभागृह ही गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युवक मंडळे, कामगार संघ, स्वयंसेवी अग्निशमन दले, मद्यत्यागी मंडळे यांनी गावोगावी लाकडी सभागृहे बांधली. तिथे वाचन, समूहगान, व्यायाम आणि नाटके होत. आजही फिनलंडमध्ये हौशी आणि उन्हाळी रंगभूमी जोमात आहे. तांपेरेचे कामगार नाट्यगृह १९०१ पासूनचे आहे. १९१८ च्या यादवी युद्धाने मात्र या जगाची दोन शकले केली. जिंकलेल्या ‘पांढऱ्यां’ची म्हणजे सरकारी बाजूच्या लोकांची आणि हरलेल्या ‘लालां’ची म्हणजे समाजवादी कामगारांची सभागृहे वेगळी, सहकारी दुकाने वेगळी, खेळाच्या संघटनाही वेगळ्या. कामगारांचा स्वतंत्र क्रीडा महासंघ १९१९ मध्ये निघाला, आणि एकाच गावात दोन धावपटू दोन वेगळ्या संघांकडून, कधीच समोरासमोर न येता, धावत राहिले. कोण कुठे नाचतो यावरून त्याचे राजकारण कळत असे.

नाचावर कर होता. करमणूक कर भरावा लागू नये किंवा कमी लागावा म्हणून आयोजक नाचाआधी एखादे भाषण, कवितावाचन, छोटे नाटुकले ठेवत. अशा संध्याकाळींना ‘इल्तामात’ म्हणत. पोरे-पोरी भाषण संपण्याची वाट पाहत बाकांवर बसून राहत, पण त्या निमित्ताने त्यांच्या कानांवर कविता पडे, हा सरकारी तिजोरीने साहित्यावर नकळत केलेला उपकारच म्हणायचा. युद्धकाळात सार्वजनिक नाचावर बंदी आली, कारण पुरुष आघाडीवर मरत असताना मागे नाच शोभत नाही, असे मानले गेले. तरुण मग गोठ्यांत, घरांत, रस्त्याच्या वळणांवर लपून नाचत. बंदी उठल्यावर साचलेला उत्साह तळ्याकाठच्या लाकडी नाचमंडपांत, म्हणजे ‘लावां’वर, ओसंडला.

टँगो फिनलंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आला, परंतु तो फिनिश झाला या मंडपांत. अर्जेंटिनाच्या बांदोनेओन या भात्याच्या वाद्याची जागा अकॉर्डियनने घेतली. रशियन भावगीते आणि जर्मन लष्करी कवायतीची चाल दोन्ही त्यात मिसळली. सूर बहुतेक उदास पट्टीतले. तोइवो कार्की यांच्या चाली आणि ओलावी विर्ता यांचा आवाज यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत त्याला रूप दिले. उन्तो मोनोनेन यांनी १९५५ मध्ये रचलेले ‘सातुमा’ हे गाणे रेइयो ताइपाले यांनी १९६२ मध्ये गायले, आणि जग बीटल्सकडे वळत असतानाच फिनलंडमध्ये टँगोची लाट आली. काळ पाहिला तर याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. गाव सोडून शहरात, पुष्कळदा समुद्रापलीकडे स्वीडनच्या कारखान्यांत, निघालेल्या पिढीला समुद्रापारच्या सुखी भूमीचे आणि तिथे पोहोचू न शकल्याचे गाणे जवळचे वाटले. मंडपातली शिस्त मात्र फार जुनी आहे : बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, विचारले की जोडीने सलग दोन गाणी नाचायचे आणि मग तिला तिच्या जागी परत सोडायचे, ठरावीक वेळ बायकांनी पुरुषांना विचारण्याची. बहुतेक मंडपांत दारूला मज्जाव. अबोल माणसासाठी यापेक्षा सोयीची व्यवस्था सुचणे कठीण, कारण इथे बोलण्याचे काम नियमच करतात. सेइनायोकी शहरात १९८५ पासून दर उन्हाळ्यात टँगोचा मोठा महोत्सव भरतो.

तळ्याकाठचे घर, ‘म्योक्की’, ही सवय दिसते तेवढी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावरचे बंगले श्रीमंत, बहुधा स्वीडिश बोलणाऱ्या कुटुंबांचे असत. सामान्य माणसाला आधी सुट्टी मिळावी लागली : आठ तासांचा दिवस १९१७ मध्ये, वार्षिक रजेचा स्वतंत्र कायदा १९३९ मध्ये आणि पाच दिवसांचा आठवडा १९६० च्या दशकात. त्याच दशकात खेड्यांतून मोठे स्थलांतर झाले. सुमारे १,८८,००० तळ्यांच्या या देशात किनारा मुबलक होता, आणि गावाकडच्या वाटणीतला एखादा तुकडा नव्या शहरी पगारदाराच्या हाती येई. तो आधी किनाऱ्यावर साउना बांधी, काही उन्हाळे त्यातच झोपे, आणि पैसे जमले की घर. आज अशी पाच लाखांच्या आसपास घरे आहेत. विहिरीचे पाणी शेंदणे, लाकडे फोडणे, बाहेरचा शौचकूप, जाळे टाकून मासे धरणे : आजोबांना ज्या कष्टांतून सुटायचे होते, तेच कष्ट नातू चार आठवडे रजा काढून करतो. बेरी आणि अळंबी वेचण्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, कारण कोणाच्याही जंगलातून फिरण्याचा आणि रानमेवा घेण्याचा रूढीने चालत आलेला हक्क प्रत्येकाला आहे. अळंबीची आवड मुळात पूर्वेची. युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेलेल्या कारेलियातून चार लाखांहून अधिक लोक देशभर वसवले गेले, आणि त्यांच्याबरोबर ती पश्चिमेकडेही पसरली. त्यांची राय या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भात भरून भाजलेली करंजीसारखी पिराक्का आज प्रत्येक दुकानात मिळते.

लांब हिवाळ्यात काय करायचे, याचे उत्तर वाचन. १६८६ च्या स्वीडिश चर्च कायद्याने धर्मप्रश्नोत्तरी येणे बंधनकारक केले; ती न येणाऱ्याचे लग्नही अडे, म्हणून शाळा येण्याच्या खूप आधी शेतकऱ्याला अक्षरओळख झाली होती. ग्रंथालयांचा पहिला कायदा १९२८ चा. स्वातंत्र्याची शंभर वर्षे पुरी झाली तेव्हा राष्ट्राने स्वतःला भेट दिली ती ‘ओओदी’ या ग्रंथालयाची; हेलसिंकीत संसदेच्या अगदी समोर ते डिसेंबर २०१८ मध्ये उघडले, आणि तिथे पुस्तकांबरोबर शिवणयंत्रेही वापरायला मिळतात.

फिनिश लोकांच्या हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताच्या वेडाचे श्रेय सर्रास हिवाळ्यातल्या अंधाराला दिले जाते. हे स्पष्टीकरण आळशी आहे, कारण अंधार उत्तर नॉर्वे आणि सैबेरियातही आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संगीतशाळा आणि नगरपालिकांच्या सरावखोल्या यांचा वाटा अधिक मोठा वाटतो. राक्षसी मुखवटे घातलेल्या लॉर्डी या बँडने २००६ मध्ये अथेन्सला युरोव्हिजन ही देशादेशांतली गाण्यांची स्पर्धा जिंकली, तो फिनलंडचा पहिला विजय होता. बायकोला खांद्यावर घेऊन धावण्याची सोन्कायार्वीची शर्यत आणि ओउलूची हवेतल्या गिटारची, म्हणजे हातात गिटार नसताना ती वाजवण्याच्या अभिनयाची स्पर्धा ही या गंभीर समजल्या जाणाऱ्या लोकांची दुसरी बाजू.

सदनिकांत साउना आल्यावर सार्वजनिक साउना ओस पडले आणि बहुतेक बंद झाले. अलीकडे वारा फिरला आहे : हेलसिंकीच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये ‘ल्योउल्यू’ याच नावाचा मोठा सार्वजनिक साउना उघडला, आणि पिस्पालातला १९०६ चा तो जुना साउना लाकडांवर तापवला जातो. तो चालवते ती वस्तीतल्या लोकांनी स्थापन केलेली एक संघटना.