गाणं अडकतं म्हणून मोठा प्लॅन?

‘वायफाय स्पीकरवर गाणं मध्येच तुटतं म्हणजे नेट स्लो आहे, जास्त एमबीपीएसचा प्लॅन घ्या,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे, पण आकडे वेगळं सांगतात.

चांगल्या दर्जाच्या एमपीथ्री गाण्याला ३२० केबीपीएस (म्हणजे ०.३२ एमबीपीएस) लागतात, सीडीच्या दर्जाला सुमारे १.४ एमबीपीएस. म्हणजे ३० एमबीपीएसचा साधा प्लॅनही पुरून उरतो. गळती बहुधा घरातच असते, राउटर आणि स्पीकर यांच्यामध्ये.

खात्री करून घ्या. लॅपटॉप स्पीकरशेजारी ठेवा, वायफायवरून राउटरच्या पत्त्याला (बहुतेक १९२.१६८.१.१) पिंग लावा (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) आणि गाणं सुरू ठेवा. आकडा २ ते ५ मिलिसेकंद राहिला तर वायफाय ठीक. गाणं तुटताना तो ३००वर उडाला किंवा ‘टाइम्ड आउट’ आलं, तर दोष वायफायचा. राउटरपर्यंत सगळं स्थिर असूनही गाणं अडकलं, तरच बाहेरची लाइन तपासायला सांगा.

मुंबईच्या इमारतीत वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची वीसेक नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल (पट्ट्यातले उपविभाग) तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यातला कमी गर्दीचा निवडा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गोंधळ घालतो. स्पीकर राउटरच्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ उत्तम; भिंतीपलीकडे मात्र तो लवकर क्षीण होतो. राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर आधी तो बाहेर काढा. स्पीकरला लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची जागा) असल्यास राउटरपासून सरळ केबल ओढा.