कायदेकौन्सिलातले अर्ज आणि बिनसरकारी बिले : पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीतल्या कायदेकौन्सिलांचा इतिहास आपल्याकडे बहुधा गाजलेल्या भाषणांतून सांगितला जातो. सभागृहात काय मांडता येईल आणि त्यासाठी आधी कोणाची मंजुरी लागेल हे ठरवणारी कलमे मागेच राहतात. ती वाचल्याशिवाय गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे बिल का पडले, हे नीट उमगत नाही.

सुरुवात अर्जांपासून करू. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, नवरोजी फर्दुनजी ही मंडळी त्यात पुढे होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले होते. असोसिएशनने आपली गाऱ्हाणी लिहून काढली आणि अर्ज थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे धाडला. रयतेचा अर्ज दाखल करून घेईल अशी सभा हिंदुस्थानात नव्हतीच.

१८५३च्या सनदी कायद्याने कलकत्त्यात स्वतंत्र कायदेकौन्सिल उभे राहिले. त्यात एकही हिंदी सभासद नव्हता, पण कामकाजाची रीत पार्लमेंटच्या वळणाची होती. बैठका उघड्या होत, चर्चा छापली जाई, बिल सिलेक्ट कमिटीकडे, म्हणजे कलमे तपासणाऱ्या निवडक सभासदांच्या समितीकडे, जाई आणि लोकांचे अर्जही कमिटीपुढे ठेवले जात. विधवाविवाहाच्या कायद्याच्या वेळी ही वाट खरोखर वापरली गेली. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या १८५५च्या अर्जावर हजाराच्याही आत सह्या होत्या. राधाकांत देवांच्या विरोधी अर्जावर छत्तीस हजारांहून जास्त. कौन्सिलचे सभासद जे. पी. ग्रँट यांनी नोव्हेंबर १८५५मध्ये बिल मांडले आणि २६ जुलै १८५६ रोजी कायदा झाला. नुसती डोकी मोजली असती तर हे बिल तिथेच संपले असते.

पुढे हे कौन्सिल सरकारी कारभाराचा जाब विचारू लागले. आपण एक छोटे पार्लमेंट निर्माण करून बसलो, ही गोष्ट लंडनला खुपली. १८६१च्या कायद्याने कौन्सिलचे पंख छाटले. आता बिल मांडण्याची परवानगी मागणारी सूचना किंवा आधीच मांडलेल्या बिलासंबंधीची सूचना, एवढेच सभागृहात आणता येई. गाऱ्हाण्यांची चौकशी बंद, माहिती मागवणे बंद. साहजिकच अर्जालाही एखाद्या चालू बिलाचा आधार असेल तरच अर्थ उरला. शिवाय सरकारी कर्ज आणि महसूल, धर्म व धार्मिक आचार, लष्कर, परराज्यांशी संबंध या विषयांना हात लावणाऱ्या बिलाला गव्हर्नर जनरलची पूर्वमंजुरी सक्तीची झाली. या यादीबाहेर महत्त्वाचे असे उरतेच किती! शाळा काढायची म्हटली तर पैसा लागतो, लग्नाच्या रूढीला हात घातला तर धर्म आडवा येतो. मुंबईचे कायदेकौन्सिल १८६२ साली बसले आणि त्यात जगन्नाथ शंकरशेट होते, पण तिथेही हीच चौकट होती. वर प्रांताच्या कायद्याला शेवटी गव्हर्नर जनरलची संमती लागेच.

१८९२च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. मत मात्र सरकारी सभासदांचेच भारी. १९०१मध्ये मुंबई कौन्सिलात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आले. त्याविरुद्ध ठिकठिकाणांहून अर्ज आले, तरी बिल पुढे रेटले गेले. फिरोजशहा मेहतांची उपसूचना मतांना टाकताच पडली. तेव्हा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभागृहातून उठून गेले. कौन्सिलात राहून आणखी काही करण्यासारखे नियमांनी त्यांच्या हाती ठेवले नव्हते.

१९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी ठराव मांडण्याचा हक्क दिला. गोखल्यांनी तो लगेच वापरला. मार्च १९१० मध्ये गव्हर्नर जनरलच्या मध्यवर्ती कायदेकौन्सिलात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा ठराव आणला आणि सरकारच्या आश्वासनावर तो मागे घेतला. वर्षभराने, १६ मार्च १९११ रोजी, त्यांनी बिलच मांडले.

हे बिल वाचताना त्यांची सावधगिरी पानोपानी जाणवते. सक्ती प्रथम फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. ती लागू करायची की नाही हे नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवायचे, तेही प्रांतिक सरकारच्या मंजुरीने. त्या भागातली ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असली पाहिजेत, आणि हे प्रमाण सरकारनेच नियमांनी ठरवायचे. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांहून जास्त नाही, त्याच्या मुलाला फी माफ. सरकारला नाही म्हणायला जागाच उरू नये, अशा बेताने हा मसुदा बांधलेला दिसतो.

वर्षभर बिल अभिप्रायांसाठी प्रांतोप्रांती फिरले. १८ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी केलेली सूचना इतकीच होती, की बिल पंधरा जणांच्या सिलेक्ट कमिटीकडे पाठवावे. दोन दिवस वाद झाला. मदनमोहन मालवीय आणि जीना बाजूने बोलले, शिक्षण खात्याचे सर हार्कोर्ट बटलर विरोधात. १३ विरुद्ध ३८ मतांनी सूचना पडली. ज्या टप्प्यावर कलमे तपासून मसुदा सुधारायचा असतो, तिथे सरकारने बिलाला पोहोचूच दिले नाही. मला या प्रकरणात सर्वात जास्त सलते ते हेच. एखादे कलम गैरसोयीचे असेल तर ते कमिटीत बदलता आले असते. आपले बिल आजच फेटाळले जाणार हे गोखल्यांनी आधीच बोलून दाखवले होते. आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणे आले आहे, असेही ते म्हणाले.

बिल पडल्यानंतर सहा वर्षांनी ही कल्पना प्रांतात तरली. विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कौन्सिलात आणलेले बिनसरकारी, म्हणजे सरकारबाहेरच्या सभासदाने मांडलेले, बिल १९१८ साली कायदा झाले. नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा ब्रिटिश हिंदुस्थानातला हा पहिला कायदा. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६मध्येच राज्यभर सक्ती आणली होती आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली. त्यांना कोणत्या कौन्सिलची मते मोजावी लागली नाहीत.

अर्जांची वाट त्यानंतर थोडी रुंदावली. १९२१मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहात, एका सभासदाने ठराव आणला, की जनतेच्या अर्जांसाठी साक्षी घेण्याचा अधिकार असलेली समिती असावी. साक्षींचा अधिकार नाकारला गेला, सार्वजनिक कामासंबंधीचे अर्ज घेणे मान्य झाले आणि २० फेब्रुवारी १९२४ रोजी खालच्या सभागृहात, मध्यवर्ती असेंब्लीत, अर्ज समिती नेमली गेली. आजच्या लोकसभेच्या याचिका समितीचे मूळ तिथे आहे.