बूस्ट कन्व्हर्टरचे मायक्रोकंट्रोलरद्वारे नियंत्रण

बूस्ट कन्व्हर्टर म्हणजे कमी डीसी व्होल्टेज वाढवून देणारा स्विचिंग परिपथ. स्विच जोडलेला असताना कॉइलमधला प्रवाह वाढत जातो आणि तिच्यात ऊर्जा साठते. स्विच तुटला की कॉइलचे व्होल्टेज इनपुटमध्ये मिळून डायोडमार्गे बाहेर पडते. एमटी३६०८ या आयसीवरचा छोटा बोर्ड सर्वांत परिचित आहे. त्यावरचा प्रीसेट (बदलता रोध) पेचकसाने फिरवून आउटपुट ठरवतात. हेच काम मायक्रोकंट्रोलरकडून, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या छोट्या चिपकडून, करवून घेणे हा या नोंदीचा विषय.

नागपुरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. म्हणून एका लिथियम सेलवर चालणारा आणि तापमान पाहून वेग बदलणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा हे इथे समजायला सोयीचे उदाहरण. लागणारे सुटे भाग सीताबर्डीच्या दुकानांत मिळतात.

एमटी३६०८चे स्विचिंग १.२ मेगाहर्ट्झने चालते. ते आपल्या हातात घेण्यात अर्थ नाही. आयसी ज्यावरून आउटपुट मोजते त्या फीडबॅकलाच चकवणे सोपे. ही आयसी फीडबॅक पिनवर ०.६ व्होल्ट राहील अशा बेताने आउटपुट हलवत राहते. आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामधल्या दोन रोधांच्या जोडावर ही पिन असते. त्याच जोडावर तिसऱ्या रोधातून बाहेरचा प्रवाह सोडला, की आयसीला आउटपुट आहे त्यापेक्षा जास्त भासते आणि ती ते उतरवते.

वरचा रोध १०० किलोओहम, खालचा ५.६ किलोओहम व ३३० ओहम एकसर, आणि तिसरा ४७ किलोओहम घेतला तर तिसऱ्या रोधाच्या मोकळ्या टोकाला दिलेले नियंत्रण व्होल्टेज शून्य असताना आउटपुट सुमारे १२ व्होल्ट येते, ३.३ व्होल्टला ते सुमारे ५ व्होल्टवर उतरते. मूळ ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये २५ आणि २६ क्रमांकांच्या पिनांवर डॅक (आकड्यावरून व्होल्टेज देणारा भाग) असल्याने त्यातली एक पिन तिसऱ्या रोधाला थेट जोडता येते. आर्डुइनो उनो आर३ या बोर्डावर डॅक नाही. तिथे पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल) रोध-कपॅसिटरने गाळून घ्यावे लागते, गाळणीचा रोध तिसऱ्या रोधातच धरावा लागतो, आणि पिन ५ व्होल्टची असल्याने आकडेमोड पुन्हा करावी लागते. न गाळलेले पीडब्ल्यूएम फीडबॅकला दिले तर आउटपुट त्याच तालावर डोलते.

प्रीसेट काढून त्या जागी डिजिटल पोटेन्शिओमीटर (प्रोग्रामने बदलता येणारा रोध) बसवण्याची युक्ती अनेकांना सुचते. पण एमसीपी४१०१०सारख्या आयसीच्या टोकांना ५.५ व्होल्टपर्यंतच मुभा असते, आणि वरच्या रोधाचे एक टोक थेट आउटपुटला असते. लावायचाच तर तो खालच्या रोधाच्या जागी.

या पद्धतीचा खरा धोका मात्र तिच्या उलट्या चालीत आहे. नियंत्रण वाढले की आउटपुट उतरते. म्हणजे कंट्रोलर रीसेट झाला किंवा तार सुटली, तर आउटपुट वरच्या टोकाकडे पळते. वरच्या उदाहरणात पिन तरंगती (कशालाच न जोडल्यासारखी) राहिली तर १०.७ व्होल्ट, शून्यावर अडकली तर पूर्ण १२. पंख्याचे त्यात काही बिघडत नाही. त्या जागी ५ व्होल्टचे काही जोडले असेल तर ते चालू करतानाच जळू शकते. म्हणून रोध ठरवताना आधी कमाल आउटपुट लोडला झेपणारे निवडावे, मग पल्ला पाहावा.

आयसीची एनेबल (चालू-बंद करणारी) पिन बोर्डावर बहुधा इनपुटलाच जोडलेली असते. ट्रॅक कापून ती कंट्रोलरकडे घेतली तरी लोड पूर्ण तुटत नाही, कारण स्विचिंग थांबल्यावरही इनपुट कॉइल आणि डायोडमधून पलीकडे पोचतच राहते. पंखा खरोखर बंद करायचा तर स्विचसारखा वापरायचा वेगळा मॉसफेट (ट्रान्झिस्टर) लागतो.

हा बोर्ड विकताना २ अँपिअरचा सांगतात, पण ३.७ व्होल्टवरून १२ व्होल्ट काढताना अर्ध्या अँपिअरलाच सेलवर जवळपास २ अँपिअरचा भार येतो. त्यात मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की २५ अंशांच्या खोलीत चाचणी केलेल्या बोर्डाची २० अंशांची मोकळीक आधीच संपलेली असते. पत्र्याच्या छपराखाली ठेवायचा असेल तर लोड आणखी कमी धरावा.